ओसरीवरची विद्या

१८२२ साली मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी आपल्या मुलखातील देशी शाळांची खानेसुमारी करविण्याचे ठरविले आणि तसे हुकूम जिल्ह्याजिल्ह्याच्या कलेक्टरांना सोडले, तेव्हा त्यांना जाणून घ्यायचे होते ते मुख्यतः हे की, या देशात लिहिणे-वाचणे शिकविणाऱ्या शाळा किती आणि त्यांत मुले किती. कलेक्टरांकडून जी कोष्टके आली त्यांत मद्रास शहराच्या कोष्टकाने एक अनपेक्षित गोष्ट उजेडात आणली. त्या शहरात शाळेत जाणारी मुले सुमारे साडेपाच हजार होती. आणि घरच्या घरी, वडीलधाऱ्यांकडून किंवा खाजगी शिक्षकाकडून शिकणारी मुले सव्वीस हजारांवर भरली होती. मन्रो यांना हा आकडा शंकास्पद वाटला आणि १० मार्च १८२६ च्या आपल्या टिपणात त्यांनी ती शंका नोंदविलीही. परंतु घरी मुले शिकविण्याची चाल देशाच्या कोणत्याही भागात विरळा नाही, हे त्यांना त्याच टिपणात मान्य करावे लागले. पुढे दहा वर्षांनी बंगालमध्ये विल्यम अ‍ॅडम यांनी राजशाही जिल्ह्यातील नाटोर ठाण्याची बारकाईने पाहणी केली. तेथे त्यांना प्राथमिक शाळा सापडल्या २७, आणि त्यांत मुले होती २६२. उलट १,५८८ कुटुंबे अशी आढळली की, ज्यांत २,३८२ मुले घरीच शिकत होती.

आपल्या मुंबई इलाख्यातही माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत अशी पाहणी सुरू झाली आणि १८२९ च्या सुमारास सुमारे १,७०० शाळा व ३५ हजार विद्यार्थी अशी बेरीज सरकारदप्तरी पडली. पण ती बेरीज शाळांची आहे. ज्या घरात आजोबा नातवाला मोडीचे वळण लावीत होते, ज्या घरात आई दळता दळता लेकीला कहाणी सांगत होती आणि ज्या घरात सोनार आपल्या मुलाच्या हाती तराजू देऊन गुंजा मोजून घेत होता, त्या घरांचा आकडा या बेरजेत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण पंतोजींच्या शाळेपासून आरंभ करतो आणि तेथून मिशनऱ्यांच्या व सरकारच्या शाळांकडे वळतो. त्या शाळांच्या आधीची, आणि त्यांच्या बरोबरीनेही शतकभर चालत राहिलेली घरची शाळा ही आपल्या इतिहासलेखनात बहुधा एखाद्या वाक्यापुरती येते. ती कशी चालत असे, तिचा दिवस कसा उगवे व कसा मावळे, तिने काय दिले आणि काय नाकारले, याचा स्वस्थपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घरची शाळा ही एकाच प्रकारची नव्हती, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. भिक्षुकाच्या घरी वेदाची संथा चाले. कुळकर्ण्याच्या आणि देशपांड्याच्या घरी दप्तर चालविण्यापुरते लेखन व हिशेब शिकविले जात. सराफाच्या आणि वाण्याच्या घरी वजनमापे व व्याजबट्टा. सुताराच्या घरी गज आणि तसू, सोनाराच्या घरी गुंज, मासा आणि तोळा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक सोनाराच्या मुलास पाटीवर लिहून द्यावे लागत नसे, कारण वडिलांच्या काट्यासमोर बसून ते त्याच्या बोटांत उतरलेले असे. विषय निरनिराळे, पण एक सूत्र सर्वत्र समान होते. जे घरात रोज लागे तेच शिकविले जाई, आणि ज्याला ते रोज लागे तोच ते शिकवी. कुळकर्णी जमाबंदीचे कागद लिहीत असताना त्याचा मुलगा शेजारी बसून आकडे मांडी. हे शिकणे आणि घराचे चालणे ही दोन वेगळी कामे आहेत असे कोणाच्या ध्यानीमनीही येत नसे.

आता एखाद्या मध्यम स्थितीतील लिहित्या घराचा दिवस, पेशवाईच्या अखेरीस किंवा त्यानंतरच्या दोन पिढ्यांत तो जसा असे तसा, डोळ्यांपुढे आणावा. दिवसाचा पहिला पाठ पहाटेचा. अंथरुणावर बसूनच वडील माणूस श्लोक म्हणे आणि मुलाने तो मागून म्हणावा असा परिपाठ असे. पहाटेच्या वेळी पाठांतर लवकर होते, हा अनुभव वैदिकांपासून सर्वांनाच होता. संथेची रीतही ठरलेली होती : गुरूने एकदा म्हणावे आणि शिष्याने ते दोनदा म्हणावे, आणि असे करीत करीत ओळ जिभेवर बसली म्हणजे मगच पुढच्या ओळीस हात घालावा. या पद्धतीत पुस्तकाचे काम नव्हते. पुस्तक ही त्या काळी दुर्मिळ वस्तू होती. हस्तलिखित पोथी रेशमी रुमालात बांधून देवघरात ठेवलेली असे, आणि लहान मुलाच्या हाती ती देणे कोणालाच परवडणारे नव्हते. तेव्हा मुलाची स्मृती हेच त्याचे पुस्तक, आणि ते दररोज पहाटे थोडेथोडे लिहिले जाई.

सकाळचे स्नान झाल्यावर लेखनाचा पाठ सुरू होई. अगदी लहान मुलासाठी धूळपाटी असे. लाकडी फळीवर विटकरीची बारीक पूड किंवा माती पसरावी, तिच्यावर काडीने वा बोटाने अक्षर काढावे, चुकले तर तळहाताने पूड सारखी करावी आणि पुन्हा काढावे. आरंभ ‘ओनामा’ने आणि गणेशाच्या नमनाने होई, मग मुळाक्षरे, मग बाराखड्या, मग जोडाक्षरे. धूळपाटीचा मोठा गुण हा की, तिच्यावर चूक टिकून राहत नसे. कागद महाग, शाई घरी केलेली, बोरू जपून वापरायचा. अशा काळात मुलाला शेकडो वेळा चुकण्याची मुभा देणारे हे साधन अत्यंत शहाणपणाने निवडलेले होते, आणि ज्या घरात पाटी विकत घेण्याची ऐपत नव्हती तेथेही ते सहज जमत असे.

हात स्थिर झाला म्हणजे कागद आणि बोरू यांची पाळी येई, आणि येथे घरच्या शाळेचे खरे कौशल्य दिसून येई. बोरूचे टोक कसे तासावे, त्याला चीर किती खोल द्यावी, बाळबोध अक्षरासाठी ते कसे छाटावे आणि मोडीसाठी कसे, हे शिकविल्यावाचून लेखणी हाती दिली जात नसे. शाई काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली असे, आणि ती घोटण्याचे काम बहुधा मुलांकडेच येई. मग वडील कागदाच्या माथ्यावर एक ओळ स्वतःच्या हाताने घालून देत. हा कित्ता. मुलाने आधी त्याच्यावरून कोरडा बोरू फिरवून अक्षर गिरवावे, आणि हाताला वळण सापडले म्हणजे खाली तशाच ओळी लिहून पुस्ती पुरी करावी. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिला अक्षरे टांगल्यासारखी लिहीत. लेखणी शक्य तितकी कमी उचलायची, म्हणून अक्षराला अक्षर जोडले जाई, आणि या जोडण्यातच लेखकाचे घराणे ओळखू येई. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर, ओळ, कागद, लेखणी या सर्वांचा विचार एका संताला परमार्थाच्या ग्रंथात करावासा वाटला, यावरून सुंदर अक्षराला या समाजात केवढी प्रतिष्ठा होती याची कल्पना येते.

लेखन साधले की वाचनासाठी वेगळे पुस्तक शोधावे लागत नसे, कारण घरातले दप्तर हाताशी असे. जुन्या पत्रांचे रुमाल सोडून मुलांना ती वाचावयास देत. कोणाचे अक्षर स्वच्छ, कोणाचे घाईचे, कोणी अर्धे शब्द लिहून पुढे गेलेला, कोणाचा कागद कसरीने खाल्लेला. ही सर्व वळणे लागली म्हणजे मुलगा कोणताही दस्तऐवज वाचण्यास तयार झाला असे समजत. त्याच पत्रांतून मायने पाठ होत. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, सावकाराला अखंडितलक्ष्मीअलंकृत, बरोबरीच्या गृहस्थाला राजमान्य राजश्री. कोणाला नमस्कार आणि कोणाला आशीर्वाद, कोणाला विनंती आणि कोणाला विज्ञापना, हे ज्याला बिनचूक येई त्याला आपण कोणत्या समाजात, कोणाच्या खाली आणि कोणाच्या वर उभे आहोत याचेही ज्ञान त्याबरोबर होत असे. या ज्ञानात सौजन्य होते तसा उच्चनीचभावही होता, आणि दोन्ही एकाच शाईने लिहिले जात होते, हे आज विसरून चालणार नाही.

दुपार ही बहुधा कामाची वेळ. वडील चावडीवर, पेढीवर किंवा शेतावर गेले की मुलगा डबा घेऊन वा निरोप घेऊन तेथे जाई आणि तेथेच थांबे. रोजकीर्द कशी घालतात, खतावणी कशी करतात, ताळेबंद कसा जुळतो, हे तो पाहून शिके. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अध्ययनाचे अनध्याय मानले जात. म्हणजे सुट्टीही चंद्राच्या गतीवर बेतलेली होती. दसऱ्याच्या दिवशी पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होई, आणि हत्यारांच्या शेजारी दौत, लेखणी व पोथी यांना हळदकुंकू वाहिले जाई. शेतकऱ्याचा नांगर, शिपायाची तलवार आणि कारकुनाची लेखणी ही तिन्ही पोटाची साधने म्हणून एका पंक्तीत बसत.

दिवेलागणीला या शाळेचा सर्वांत महत्त्वाचा तास सुरू होई. समईला वात लावून झाली, शुभंकरोति झाले, वडिलांना नमस्कार झाला, की मुले परवचा म्हणावयास बसत. परवच्यात वार, तिथी, महिने, ऋतू, सत्तावीस नक्षत्रे आणि प्रभवापासून सुरू होणारी साठ संवत्सरांची नावे असत. रामरक्षा, मारुतिस्तोत्र, मनाचे श्लोक असत. आणि त्यानंतर अंक व पाढे. पाढे म्हणजे आजच्यासारखे केवळ पूर्णांकांचे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे, हे या गणिताचे मर्म होते. ज्या व्यवहारात रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै होत, ज्यात धान्य शेर, पायली, मण आणि खंडी अशा मापांनी मोजले जाई आणि चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी धरली जाई, त्या व्यवहारात अपूर्णांकावाचून एक पाऊलही टाकता येत नसे. साडेतीन आणे शेराने सात शेर डाळ घेतली तर किती झाले, या प्रश्नाला औटकी येणारा मुलगा साडेचोवीस आणे, म्हणजे दीड रुपया आणि वर अर्धा आणा, असे उत्तर कागदाला हात न लावता देई. परकरातली मुलगीही भावाशेजारी बसून हे ऐकत असे, आणि पुष्कळ घरांत तिला ते भावापेक्षा अधिक चांगले येत असे. फक्त तिला ते कोणी विचारीत नसे.

ही शाळा चालविणारी माणसे शिक्षक म्हणून नेमलेली नव्हती, पण शिकविण्याचे कर्तव्य त्यांनी मनापासून पत्करलेले होते. लोकमान्य टिळकांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचे वडील गंगाधरपंत हे स्वतः व्यवसायाने शिक्षक, गणिताचे व संस्कृताचे जाणते. मुलाला त्यांनी आधी घरी शिकविले. पाठ केलेल्या श्लोकामागे ते मुलाला एक पै बक्षीस देत, असे चरित्रकार सांगतात, आणि मुंज होईतो रूपावली, समासचक्र आणि अमरकोशाचा बराच भाग बाळच्या तोंडी झालेला होता. पुढे ज्या माणसाने तुरुंगाच्या कोठडीत बसून गीतेवर प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याच्या विद्येचा पाया रत्नागिरीच्या घरात असा पै-पैने घातला गेला होता.

परंतु घरच्या शाळेची खरी कसोटी मुलांच्या बाबतीत लागत नाही. मुलाला घर नसले तर पंतोजी होता, पंतोजी नसला तर पाठशाळा होती. मुलीला मात्र घरावाचून दुसरी शाळाच नव्हती; तेव्हा घर तिला काय देत होते यावरूनच या परंपरेचे मोल ठरवावे लागते. सामान्यतः ते ओव्या, कहाण्या, व्रते, रांगोळी आणि स्वयंपाकाची मापे एवढे देत असे, आणि अक्षर नाकारीत असे. मुलीने लेखणी हाती धरली तर घरावर अरिष्ट येते अशी समजूत घट्ट रुजलेली होती. अशा काळात एका घराने हा बंध तोडला, आणि त्याची हकीकत घरगुती शिक्षणाच्या कोणत्याही इतिहासात मध्यभागी ठेवण्याजोगी आहे.

अनंतशास्त्री डोंगरे हे तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययन करीत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला संस्कृत शिकविण्यासाठी शास्त्रीबोवा वाड्यात जात, आणि त्यांच्याबरोबर जाण्याची संधी या शिष्याला मिळे. तेथे एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून तो विस्मित झाला आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्याच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या वडील मंडळींनी हे होऊ दिले नाही. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाल्यावर शास्त्र्यांनी लोकनिंदेला न जुमानता त्यांना संस्कृत शिकविले, आणि स्त्रीला विद्या देणे शास्त्राविरुद्ध नाही हे पंडितांपुढे प्रतिपादनही केले. सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे त्यांनी आश्रम केला, आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या कन्येचा, पंडिता रमाबाईंचा, जन्म झाला. मूल सहा महिन्यांचे असतानाच कुटुंबाला तो आश्रम सोडावा लागला. वेताच्या पेटाऱ्यात घालून, एका माणसाच्या डोक्यावरून, ही कन्या डोंगर उतरली, आणि मग तीर्थामागून तीर्थ, गावामागून गाव असा पुराणे सांगत फिरण्याचा क्रम सुरू झाला.

वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाईंना शिकविण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले. दिवसभर लक्ष्मीबाईंना प्रवास, स्वयंपाक, आल्यागेल्याचे आदरातिथ्य यांतून क्षणाची उसंत नसे. तेव्हा त्यांनी पहाट निवडली. उजाडण्यापूर्वी, पाखरे नुकती किलबिलू लागत त्या वेळी, जमिनीवर झोपलेल्या लेकीला उठवून त्या कुशीत घेत, गोंजारून तिची झोप घालवीत आणि मग श्लोक म्हणून घेत. समोर पोथी नसे. आई म्हणे आणि मुलगी मागून म्हणे. रमाबाईंनी पुढे लिहिले आहे की, आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनेच आपल्याला शिकविले, आणि पुढे फारशी कोणाची मदत न घेता आपले शिक्षण आपणच चालू ठेवता येईल अशी मनाची तयारी तिने करून दिली. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले ते या पहाटेच्या तासांत. १८७४ च्या दुष्काळात आईवडील दोघेही गेले. चारच वर्षांनी, १८७८ साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या विशीतल्या अनाथ मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. या कुटुंबाला धड घर नव्हते, ओसरी नव्हती, समई लावण्याजोगा कोनाडाही नव्हता. आणि तरीही घरगुती शिक्षणाचे याहून उज्ज्वल उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात सापडत नाही. या शाळेला वास्तू लागत नाही, तिला शिकविण्यासाठी आपली झोप देणारे माणूस लागते, हे त्यातून सिद्ध होते.

त्यानंतरच्या पिढीत पतीने पत्नीला घरी शिकविण्याची अनेक उदाहरणे दिसतात, आणि ती सर्वच सुखाची नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ साली दुसऱ्या एका, अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह झाल्याबरोबर त्यांच्या अक्षरओळखीस आरंभ केला. परंतु दिवसा घरातील बायकांची बोलणी आणि रात्री पतीचा पाठ अशा दुहेरी कात्रीत ती मुलगी कशी वाढली, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत संयमाने सांगितले आहे. गोपाळराव जोशांनी आनंदीबाईंना शिकविले ते अत्यंत कठोरपणे. त्या शिक्षणाची परिणती १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळण्यात झाली खरी, पण त्या बालवयाने सोसलेला जाच पदवीच्या तेजात झाकून टाकणे योग्य नव्हे. घराची चार भिंतींची शाळा प्रेमळ माणसाच्या हाती असली तर तिच्यासारखी शाळा नाही. आणि ती कठोर माणसाच्या हाती पडली तर त्या मुलाला दाद मागण्यास दुसरे ठिकाण नाही.

याहूनही मोठा दोष निराळा होता. घर जे जाणते तेच घर शिकवू शकते. म्हणून ज्या घरांना पिढ्यानपिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले होते त्या घरांत ही परंपरा अक्षराच्या बाबतीत मुकी होती. कुणब्याच्या घरी रात्री भजनात शेकडो अभंग मुलांच्या कानांवरून जात, शेतीचे, जनावरांचे, नक्षत्रांचे सूक्ष्म ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई, आणि या विद्येला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु सावकाराने खतात काय लिहिले आणि कुळकर्ण्याने सातबाराच्या पूर्वजांत, म्हणजे त्या वेळच्या गावकागदांत, काय मांडले हे वाचण्याची शक्ती त्या विद्येत नव्हती. लिहित्या घरातली पुस्ती जितकी सुंदर होत होती, तितकी ती पुस्ती न वाचता येणाऱ्यांची लाचारी वाढत होती. जोतीराव फुल्यांनी हे मर्म अचूक ओळखले. त्यांनी स्वतःच्या घरात सावित्रीबाईंना शिकविले. पण तेथेच न थांबता १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि घरी मिळालेली विद्या सावित्रीबाईंनी दुसऱ्यांच्या लेकींना दिली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने कोवळ्या वयात आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. कोणत्याही घराने शेकडो वर्षांत जे तिच्या समाजाला दिले नव्हते ते शाळेने थोड्या वर्षांत दिले. १८८२ साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली तिच्यामागे हाच अनुभव होता. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली प्रांतात आणि १९०६ मध्ये सर्व बडोदे संस्थानात, आणि शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ती प्रत्यक्षात आणण्यास आरंभ केला.

शाळा गावोगाव पसरली तसा घरचा दिवस बदलला. पहाटेच्या पाठाची जागा शाळेच्या तयारीने घेतली, दुपार घंटेच्या स्वाधीन झाली, क्रमिक पुस्तक आले आणि त्याबरोबर इयत्ता व परीक्षा आल्या. घरच्या दप्तराचे मोल उतरले. १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतन संपले आणि शाळांतून मोडीही त्याच सुमारास मागे पडली, तेव्हा आजोबांचे अक्षर नातवाला वाचता येईना. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली आणि मागोमाग किलो व लिटर आले. पावकी आणि औटकी यांचे व्यवहारातले कामच संपले. परवचा काही घरांत उरला तो संस्कार म्हणून. त्याला पोटाचा आधार राहिला नाही.

याच सुमारास त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर या दोन शाळांचा, घरच्या आणि बाहेरच्या, एक विलक्षण संगम घडला. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालमंदिरात येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या स्वतः त्यांच्या वस्तीत गेल्या आणि झोपड्यांपुढच्या अंगणात शाळा भरवू लागल्या. अंगणवाडीचा जन्म असा झाला. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर, गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणातही गेली. शंख, शिंपले, बिया, पाने, खडे ही तेथली साधने होती. म्हणजे धूळपाटीचेच तत्त्व, जे हाताशी आहे आणि ज्याला पैसा पडत नाही त्यावर शिकवावे, ते येथे नव्याने प्रकट झाले. मुलाच्या जगण्याला धरून शिकविणे हा घरच्या शाळेचा गुण त्यांनी उचलला, आणि तो ज्या घरांना कधीच मिळाला नव्हता त्या घरांच्या दारी नेऊन ठेवला.

आज पुन्हा काही आईबाप आपल्या लहान मुलांना शाळेत न घालता घरी शिकविण्याचा मार्ग पत्करीत आहेत. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला असतानाही हा विचार त्यांच्या मनात येतो, याचा अर्थ शाळेच्या घंटेने काहीतरी हरवले आहे असे त्यांना मनापासून वाटते, आणि त्या वाटण्याचा मान राखला पाहिजे. जुन्या परंपरेकडून त्यांना घेण्यासारखे पुष्कळ आहे. पाठाची वेळ थोडी, पण रोजची असावी. पाठ घराच्या खऱ्या व्यवहाराला जोडलेला असावा, म्हणजे वाणसामानाची यादी, विजेचे बिल, आजीला लिहायचे पत्र यांतूनच लेखन व गणित यावे. चुकण्याला मोकळीक असावी. आणि शिकविणाऱ्याला ती विद्या स्वतःच्या जगण्यात लागत असावी, कारण मोठे माणूस जे स्वतः वाचते, मोजते आणि लिहिते तेच मूल खरे मानते.

परंतु त्या परंपरेचा दोषही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे ओळखला पाहिजे. तिने आपले दार लावून घेतले होते, आणि त्या बंद दाराची किंमत बाहेरच्यांनी पिढ्यानपिढ्या मोजली. म्हणून जे घर आज शाळा होऊ पाहते त्याने धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला आणि शेजारच्या मुलीला आपल्या पाठात बसवून घ्यावे, आणि आपल्या मुलाला आपल्यापेक्षा निराळी विद्या जाणणाऱ्या माणसांकडे, सुताराकडे, शेतकऱ्याकडे, कोळ्याकडे, शिकावयास धाडावे. लक्ष्मीबाई डोंगऱ्यांनी लेकीसाठी जी पहाट खर्ची घातली तिचे चीज त्या लेकीने पुढे शेकडो अनाथ स्त्रियांना आश्रय व विद्या देऊन केले; सावित्रीबाईंनीही घरी शिकलेले अक्षर घरात ठेवले नाही. घरगुती शिक्षणाच्या साऱ्या इतिहासात ज्या नावांपुढे आपण आज मस्तक लववितो ती नावे घरी शिकून दुसऱ्यांना शिकविणाऱ्यांची आहेत, आणि जे आईबाप आपल्या ओसरीवर नव्याने पाटी मांडीत आहेत त्यांनी याच कसोटीवर आपले काम जोखावे.